नव्या तंत्रज्ञानाचे सामाजिक मूल्यमापन : दिल्लीच्या सीएनजीचा धडा

कोणतेही नवे तंत्रज्ञान समाजात येते तेव्हा त्याच्या स्वागताचे आणि विरोधाचे सूर एकाच वेळी उमटतात. स्वागत करणारे त्याच्या लाभांची यादी पुढे करतात, विरोध करणारे धोक्यांची. पुष्कळदा दोन्ही याद्या खऱ्या असतात. मात्र लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि धोका कोणाच्या माथी येणार, हा प्रश्न दोन्ही याद्यांतून निसटून जातो. जमा आणि नावे या दोन्ही नोंदी एकाच खात्यात पडत असतील तर हिशेब सोपा असतो. जमा एकाच्या खात्यात आणि नावे दुसऱ्याच्या खात्यात पडू लागली, तर एकूण बेरीज बरोबर येऊनही व्यवहार न्याय्य ठरत नाही. तंत्रज्ञानाच्या सामाजिक मूल्यमापनाचे सारे मर्म या साध्या हिशेबात आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार देशाच्या राजधानीत घडलेल्या एका मोठ्या प्रयोगाच्या आधारे केला आहे. दिल्लीतील बसगाड्या, टॅक्सी आणि रिक्षा डिझेल-पेट्रोलवरून सीएनजीवर, म्हणजे संपीडित नैसर्गिक वायूवर आणण्याचा हा प्रयोग होय. त्याला आता दोन तपांहून अधिक काळ लोटला असल्याने त्याच्या यशापयशाकडे शांतपणे पाहणे शक्य आहे.

मूल्यमापनाची संकल्पना

तंत्रज्ञानाचे मूल्यमापन ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. अमेरिकेच्या संसदेने १९७२ मध्ये कायदा करून तंत्रज्ञान मूल्यमापनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. लोकप्रतिनिधींना निःपक्ष तांत्रिक सल्ला देणे हे त्याचे काम होते. १९९५ मध्ये ते बंद करण्यात आले. भारतात १९८८ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत नवी दिल्ली येथे ‘टायफॅक’ ही परिषद स्थापन झाली. तंत्रज्ञानविषयक माहिती, भविष्यवेध आणि मूल्यमापन ही तिन्ही कामे या संस्थेच्या नावातच अंतर्भूत आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली या परिषदेने सिद्ध केलेले ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’चे अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक वाचकांच्या ते स्मरणात असतील.

या शास्त्रातील मूलभूत पेच ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये मांडला. तंत्रज्ञान बाल्यावस्थेत असते तेव्हा त्याला वळण लावणे सोपे असते, पण त्याचे परिणाम तेव्हा ठाऊक नसतात. परिणाम ठाऊक होतात तोवर ते समाजात इतके रुजलेले असते की वळण लावणे खर्चाचे आणि कष्टाचे होऊन बसते. बँकेच्या कर्ज विभागात काम करणाऱ्यांना हा पेच अपरिचित नाही. प्रस्ताव टेबलावर असतो तेव्हा अटी घालता येतात, पण धंदा कसा चालेल हे माहीत नसते. धंदा कसा चालला हे कळते तेव्हा रक्कम दिलेली असते. म्हणूनच मंजुरीपूर्व छाननीइतकेच मंजुरीनंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व असते. तंत्रज्ञानाच्या बाबतीत समाज पहिल्या टप्प्यावर हिरिरीने वाद घालतो आणि दुसरा टप्पा मात्र बहुधा विसरतो.

दिल्लीची हवा आणि न्यायालयाचा आदेश

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दिल्लीची गणना जगातील अत्यंत प्रदूषित शहरांत होऊ लागली होती. वाहनांच्या धुराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर पर्यावरणविषयक वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेतून आला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीतील संस्थेने १९९६ मध्ये ‘स्लो मर्डर’ हा अहवाल प्रसिद्ध करून निकृष्ट इंधन, जुनाट इंजिने आणि ढिली तपासणी यांची सांगड जनतेसमोर मांडली. जानेवारी १९९८ मध्ये केंद्र शासनाने भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखाली राजधानी क्षेत्रासाठी पर्यावरण प्रदूषण प्राधिकरण नेमले.

या प्राधिकरणाच्या शिफारशींवर आधारित आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिला. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ सप्टेंबर १९९८ पर्यंत बंद करणे, १९९० पूर्वीच्या सर्व रिक्षा व टॅक्सी बदलून ३१ मार्च २००० पर्यंत स्वच्छ इंधनावरील नवी वाहने आणणे, शहरातील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत केवळ सीएनजीवर आणणे, सार्वजनिक वाहतुकीतील बसगाड्यांची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत १०,००० वर नेणे आणि सीएनजी भरण्याची केंद्रे ३१ मार्च २००० पर्यंत ९ वरून ८० करणे, ही त्यातील प्रमुख कलमे होत.

आदेशाचा हेतू निर्विवाद होता. अंमलबजावणीच्या क्रमात मात्र अडचण होती. मुंबईत पाइपद्वारे वायू पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्येच स्थापन झाली होती. दिल्लीत हेच काम करणारी इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड डिसेंबर १९९८ मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या आदेशानंतर अस्तित्वात आली. दिल्लीला मिळणारा नैसर्गिक वायू तेव्हा प्रामुख्याने महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातील क्षेत्रांतून निघून गुजरातेतील हजिऱ्यास येई आणि तेथून हजिरा-बिजयपूर-जगदीशपूर या प्रचंड वाहिनीतून उत्तरेकडे जाई. वाहिनी होती, वायू होता; पण तो शहराच्या प्रत्येक भागात उच्च दाबाने वाहनाच्या टाकीत भरण्याची व्यवस्था अपुरी होती. अनेक केंद्रे मुख्य वाहिनीला जोडलेली नव्हती. तेथे वायू ट्रकवरील टाक्यांतून न्यावा लागे, दाब लवकर उतरे आणि एकेका वाहनाला बराच वेळ लागे.

परिणामी २००० ते २००२ या काळात सीएनजी केंद्रांबाहेर रिक्षांच्या लांबच लांब रांगा हे दिल्लीचे नित्याचे दृश्य झाले. बसगाड्यांची मुदत संपताच एप्रिल २००१ च्या पहिल्या आठवड्यात प्रवाशांचे अतोनात हाल झाले. न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली, तथापि सीएनजी गाड्यांची मागणी नोंदवलेल्यांना काही महिन्यांची सवलत दिली.

दोन तज्ज्ञ समित्या, दोन दृष्टी

या गोंधळाच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने सप्टेंबर २००१ मध्ये वाहन इंधनाचे राष्ट्रीय धोरण ठरवण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले हे मराठी शास्त्रज्ञ त्या वेळी दिल्लीत देशाच्या संशोधन व्यवस्थेची धुरा वाहत होते. शासनाने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने व तंत्राने गाठायची हे वाहन उत्पादकांवर आणि वापरकर्त्यांवर सोडावे, असे समितीचे सूत्र होते. उद्दिष्ट शासनाचे, मार्ग उद्योगाचा, असा हा विचार होता.

भुरे लाल प्राधिकरणाचे आणि सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे म्हणणे वेगळे होते. भेसळ, निकृष्ट देखभाल आणि कमकुवत तपासणी यांनी ग्रासलेल्या व्यवस्थेत नुसती मर्यादा कागदावरच राहील, म्हणून भेसळ करताच येणार नाही असे इंधन अनिवार्य करावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. टेरी या दिल्लीतीलच दुसऱ्या मान्यवर संस्थेचा कल अत्यल्प गंधकाच्या डिझेलकडे होता. विद्वत्ता आणि सचोटी यांत कोणीही उणे नव्हते. फरक होता तो व्यवस्थेवरील विश्वासाचा. नियम पाळले जातील असे धरून चालणाऱ्याचा निष्कर्ष एक येतो, ते पाळले जाणार नाहीत असे धरून चालणाऱ्याचा दुसरा.

५ एप्रिल २००२ रोजी न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने सीएनजीच्या बाजूने निर्णय दिला. मुदतीनंतर चालणाऱ्या प्रत्येक डिझेल बसला प्रतिदिन रु. ५०० आणि ३० दिवसांनंतर रु. १,००० दंड ठोठावण्यात आला. वायूच्या वाटपात वाहतूक क्षेत्राला प्राधान्य देण्याचे निर्देशही त्यात होते. माशेलकर समितीच्या सदस्यांत डॉक्टर अथवा सार्वजनिक आरोग्याचा तज्ज्ञ नव्हता, याकडे न्यायालयाने आवर्जून लक्ष वेधले. हे निरीक्षण मूल्यमापनाच्या अभ्यासकाने अधोरेखित करण्याजोगे आहे. समितीत कोण बसते यावरून कोणते प्रश्न विचारले जाणार हे ठरते. डिसेंबर २००२ पर्यंत दिल्लीच्या शहर वाहतुकीतून डिझेल बस हद्दपार झाली. दुसरीकडे, माशेलकर समितीची चढत्या उत्सर्जन मर्यादांची कल्पनाही वाया गेली नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या वाहन इंधन धोरणाचा ती पाया ठरली आणि पुढे देशभर १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ मर्यादा लागू होईपर्यंतची वाटचाल याच दिशेने झाली.

हप्ता कोणी भरला?

इंधनाच्या वादात आरोग्यतज्ज्ञाची उणीव न्यायालयाच्या ध्यानात आली. रिक्षाचालकाच्या अर्थकारणाची बाजू मात्र चर्चेच्या केंद्रस्थानी फारशी आली नाही. बँकेशी संबंधित वाचकांच्या दृष्टीने या प्रकरणाचा हाच सर्वाधिक बोधप्रद भाग आहे.

जुनी रिक्षा मोडीत काढून नवी घ्यायची म्हणजे चालकाला एकरकमी भांडवल हवे. २८ जुलै १९९८ च्या आदेशात नंतरच्या रिक्षा व टॅक्सी बदलण्यासाठी आर्थिक प्रोत्साहनाचा उल्लेख होता. तथापि स्थलांतरित, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पत्त्याचा पुरावा आणि तारण नसलेल्या चालकापर्यंत संस्थात्मक कर्ज पुरेसे पोहोचले नाही. तो खासगी सावकाराकडे वळला. दिल्लीतील रिक्षा व्यवसायावर नंतर झालेल्या अभ्यासांत हे वारंवार नोंदले गेले आहे.

यात आणखी एका निर्णयाची भर पडलेली होती. प्रदूषण रोखण्याच्या हेतूने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिल्लीतील रिक्षांच्या नव्या परवान्यांवर बंदी घातली होती. संख्या गोठली, मागणी वाढत राहिली, आणि परवाना ही स्वतंत्र किंमत असलेली वस्तू बनली. परवान्यासह रिक्षाची बाजारातील किंमत वाहनाच्या मूळ किमतीहून कितीतरी अधिक झाली. हप्ते थकले की सावकार वाहनाबरोबर परवानाही ताब्यात घेई. कालपर्यंत मालक असलेला चालक आज रोजच्या भाड्याने तीच रिक्षा चालवू लागे. हवा स्वच्छ करण्याच्या निर्णयातून मालकीचे हस्तांतर झाले, आणि तेही कोणत्याही आदेशात लिहिलेले नसताना.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये ४५,००० नव्या परवान्यांना अनुमती देऊन एकूण मर्यादा एक लाखावर नेली. दिल्लीतील सर्व रिक्षा तोवर सीएनजीवर धावत होत्या. म्हणजे ज्या धुरामुळे संख्या गोठवली होती तो धूर केव्हाच ओसरला होता, पण गोठवलेली संख्या जवळजवळ चौदा वर्षे तशीच राहिली. कारण नाहीसे झाले तरी उपाय चालूच राहतो, हा धोका कोणत्याही मूल्यमापनात नोंदवायला हवा.

लाभाचा ताळेबंद

हवेच्या बाबतीत प्रयोगाने काय साधले? बसगाड्यांच्या नळीतून निघणारा काळा धूर नाहीसा झाला, हे कोणीही दिल्लीकर सांगेल. शिसे, गंधकाचा डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण घटले. परंतु त्याच सुमारास शिसेमुक्त पेट्रोल आले होते, डिझेलमधील गंधक कमी करण्यात आले होते आणि खासगी मोटारींना युरो मर्यादा लागू झाल्या होत्या. त्यामुळे सारे श्रेय एकट्या सीएनजीच्या खात्यात जमा करणे योग्य ठरणार नाही.

शिवाय लाभ टिकवण्याची व्यवस्था अपुरी पडली. वाहनांची संख्या वाढत गेली. बसमधून हद्दपार झालेले डिझेल खासगी मोटारींच्या रूपाने परत आले, ते इतके की डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजधानी क्षेत्रात २,००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबवावी लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित अधिभाराच्या अटीवर ती पुन्हा खुली झाली. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन स्वतःच शक्तिशाली हरितगृह वायू आहे, म्हणून गळतीचा प्रश्नही दुर्लक्षून चालत नाही. सूक्ष्म कणांचे स्रोत तर वाहनांपुरते मर्यादित नाहीत. रस्त्यांवरील धूळ, बांधकामे, कारखाने, कचऱ्याची जाळपोळ आणि शेजारच्या राज्यांत हिवाळ्याच्या तोंडावर जाळला जाणारा पेंढा हे सारे त्यात येतात. १९९८ मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाच्या जागी २०२० मध्ये अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये कायद्याने संपूर्ण राजधानी क्षेत्रासाठी वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोग आणावा लागला, तो याच जाणिवेतून.

तरीही प्रयोग फसला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीएनजी नसते तर आजची दिल्ली याहून वाईट असती. परंतु एका तंत्राने सुटणारा प्रश्न आणि अनेक तंत्रांचा मेळ घालून, सतत लक्ष ठेवून सोडवावा लागणारा प्रश्न, यांतला फरक या ताळेबंदातून स्पष्ट दिसतो.

मागच्या दाराने आलेली ई-रिक्षा

सीएनजी आदेशाने, वरून आला. त्याच दिल्लीत दुसरे एक तंत्रज्ञान कोणाच्याही आदेशावाचून, खालून आले. २०१० च्या सुमारास बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा मेट्रो स्थानकांबाहेर दिसू लागल्या. धूर नाही, आवाज नाही, भाडे परवडणारे. आणि पायंडल मारून रिक्षा ओढणाऱ्याच्या शरीराला मिळणारी विश्रांती हा त्याहून मोठा लाभ. मात्र नोंदणी नाही, वाहन परवाना नाही, विमा नाही. अपघात झाल्यास भरपाई कोणाकडे मागायची, याला उत्तर नव्हते. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली आणि हजारो चालकांची चूल एका दिवसात अडचणीत आली. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियम झाले. ताशी २५ किलोमीटर ही वेगमर्यादा आणि चार प्रवाशांची कमाल संख्या ठरली. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षेला कायद्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ई-रिक्षेसाठी कर्ज मिळण्याचीही सोय झाली.

म्हणजे तंत्रज्ञान आधी आले, अपघात त्यानंतर, कायदा त्याच्याही मागून आणि कर्जपुरवठा सर्वांत शेवटी. मधल्या काळातील सारी जोखीम चालकाने आणि प्रवाशाने सोसली. शिसे-आम्ल बॅटरीच्या विल्हेवाटीची जोखीम तर अजून खाली, भंगार वितळवणाऱ्या वस्त्यांतील मुलांपर्यंत झिरपते. शिशाची वाफ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. 

क्रम चुकण्याचे अगदी अलीकडचे उदाहरणही दिल्लीचेच आहे. १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या जुन्या वाहनांना पेट्रोल पंपावर इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली. वाहनाचा क्रमांक वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर तिची भिस्त होती. काही दिवसांतच तांत्रिक त्रुटी आणि शेजारच्या राज्यांतील नोंदींशी न जुळलेली जोडणी ही कारणे देत दिल्ली शासनाने स्थगिती मागितली, आणि आयोगाने अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. सीएनजी केंद्रांवाचून सीएनजीचा आदेश आणि जुळणीवाचून कॅमेऱ्यांचा आदेश, दोहोंत सुमारे सत्तावीस वर्षांचे अंतर असले तरी धडा एकच आहे.

मूल्यमापनाचे पाच प्रश्न

वरील विवेचनातून कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाला विचारता येतील असे पाच प्रश्न हाती लागतात.

१. लाभ कोणाला, भार कोणावर? दोन्हींच्या याद्या वेगवेगळ्या न करता व्यक्तिगटानुसार समोरासमोर मांडाव्यात. दिल्लीत लाभ दीड कोटींच्या फुप्फुसांना होता, हप्ता मात्र रिक्षाचालकाच्या नावे होता.

२. पूर्वतयारी झाली आहे काय? इंधन, सुटे भाग, दुरुस्ती करणारे हात, कर्ज आणि विमा ही तंत्रज्ञानाची अदृश्य अंगे होत. मुदत ठरवण्यापूर्वी ती तपासावीत.

३. चूक झाल्यास परत फिरता येईल काय? थोड्या प्रमाणावर, टप्प्याटप्प्याने केलेली सुरुवात ही दुरुस्तीची वाट खुली ठेवते.

४. लक्ष कोण ठेवणार आणि किती काळ? मोजमाप, त्याचे प्रकाशन आणि ठरावीक काळाने फेरविचार यांची तरतूद मूळ निर्णयातच असावी. परवान्यांवरील बंदीला अशी कालमर्यादा असती तर सावकारांचे फावले नसते.

५. विचारविनिमयात कोण नव्हते? अनुपस्थित बाजूची नोंद घेतल्याखेरीज कोणताही अहवाल पूर्ण मानू नये.

बँकेच्या काउंटरवर

हे प्रश्न केवळ धोरणकर्त्यांचे नाहीत. ई-रिक्षेसाठी अर्ज घेऊन आलेल्या व्यक्तीचा प्रस्ताव शाखेत येतो, तेव्हा तेच प्रश्न लहान रूपात उभे राहतात. शिसे-आम्ल बॅटरी साधारणपणे वर्षभरात बदलावी लागते. कर्जाची मुदत तीन वर्षे धरली, तर या काळात निदान दोन वेळा बॅटरीचा खर्च येणार. मासिक हप्ता ठरवताना हा खर्च हिशेबात धरला नाही, तर कर्ज थकण्याचे बीज मंजुरीपत्रातच पेरले जाते. चार्जिंग कोठे होणार, वीजजोडणी अधिकृत आहे काय, विमा चालू राहील काय, दुरुस्ती जवळपास होते काय आणि वाहन मोडीत निघाल्यास किंमत काय येईल, हे अर्जदाराबरोबर बसून पाहिले पाहिजे. असा हिशेब करून दिलेले कर्ज बँकेचे तर सुरक्षित असतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाहनाची मालकी ते चालवणाऱ्याकडेच राहते. आणि तारण नाही एवढ्या कारणावरून प्रस्ताव परत पाठवताना, तो माणूस येथून उठून कोणाच्या दारात जाणार आहे, याचाही विचार व्हावा. दिल्लीचा इतिहास त्याचे उत्तर देतो.

बँकिंग सेवांतील तंत्रज्ञानालाही हीच कसोटी लागू पडते. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांनी रांगा संपवल्या, वेळ वाचवला, दूरच्या गावात पैसे पोहोचवले. फसवणुकीची नवी वाटही त्यांनीच उघडली. अशा फसवणुकीत नुकसान कोणी सोसायचे, हा ‘भार कोणावर’ याच प्रश्नाचा प्रकार आहे. ६ जुलै २०१७ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकाने त्याचे उत्तर नियमांत बांधले. चूक बँकेची वा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ती कळवली, तर त्याचे दायित्व शून्य, असे तत्त्व त्यात घालून देण्यात आले. ग्राहकाने स्वतःच गुप्त संकेतांक सांगितल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, हेही त्यात स्पष्ट होते. जोखीम पूर्णपणे नाहीशी करता येत नाही, पण ती कोणाच्या वाट्याला किती येणार हे आधी ठरवता येते. यास्तव खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अद्ययावत ठेवणे, संकेतांक कोणालाही न सांगणे आणि संशयास्पद व्यवहार दिसताच बँकेला व १९३० या साहाय्यक्रमांकावर विनाविलंब कळवणे, हे ग्राहकाने करावयाचे मूल्यमापनच होय.

समारोप

नव्या तंत्रज्ञानाला आंधळा होकार देणे जितके घातक, तितकाच आंधळा नकार. दिल्लीने सीएनजी नाकारले असते तर तिच्या मुलांनी काळा धूर आणखी कित्येक वर्षे श्वासात घेतला असता. ई-रिक्षेवरील बंदी कायम राहिली असती तर पायंडल मारणाऱ्या माणसाची सुटका लांबली असती. होकार द्यावा, पण कर्ज मंजूर करताना देतात तसा द्यावा. लाभार्थी कोण आणि परतफेड कोण करणार हे पाहून, अटी व मुदत नीट लिहून आणि मंजुरीनंतरच्या पाहणीची तारीख त्याच दिवशी ठरवून. मंजुरीची सही झाली की काम संपत नाही, हे प्रत्येक शाखाधिकाऱ्याला ठाऊक असते. तंत्रज्ञानाच्या बाबतीत समाजानेही तेवढे ध्यानात ठेवले, तर पुढच्या प्रयोगात हवा आणि हप्ता या दोहोंचा हिशेब एकाच वेळी मांडला जाईल.